उभ्याने काढलेला फोटो

माझ्या नणंदेला लोक ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक आहे आणि आतून आवडतंही. एकतीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवते आहे. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, आणि तो ती असा मारते की शिकणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन परत येतं. त्यानंतर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. शेजारच्या गाडीतली माणसं काचा वर करून घेतात.

मी तिच्या धाकट्या भावाची बायको. रुग्णालयात एक्स-रे काढते. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाला सहा महिने झाले असताना, तिने मला गाडी शिकवायला घेतली आणि चौथ्या दिवशी भर चौकात ब्रेक मारून म्हणाली, "उतर. तुला या जन्मी यायची नाही." मी उतरले. गाडी चौकात, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि मी चालत घरी. तेव्हापासून आमच्यातून विस्तव जात नाही. तोंडाने मी तिला वन्सं म्हणते, तुम्ही म्हणते. मनात कायम एकेरी. इथे मनातलंच लिहिते आहे, तेव्हा कुणी नाक मुरडू नये.

तीन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस आले. या सगळ्यात ती जेमतेम सात आठवडे घरी बसली असेल. गेल्या वर्षी आजार परत आला, या वेळी फुप्फुसाच्या आवरणात. नव्या गोळ्यांनी तो आठ महिने दबून राहिला. मग तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग चपला घालताना, मग बोलताना. ब्रेकबाईला ओरडता येईना. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने तिला जवळजवळ उचलूनच रुग्णालयात आणलं. माझ्याच रुग्णालयात.

सोमवारी तिच्या छातीचा फोटो काढायला मीच गेले. खाली विभागात आणण्यासारखी ती नव्हती, म्हणून चाकांवरचं यंत्र ढकलत मी वॉर्डात नेलं. तिला पलंगावर सपाट झोपवलं, पाठीखाली फोटो उमटवणारी पाटी सरकवली. झोपवल्याबरोबर तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. तोंडाने हवा ओढत ती मला म्हणाली, "जीव... घेतेस का... माझा." मी घाबरले. फोटो घेतला, तिला ताडकन उठवून बसवलं, पाठीमागे तीन उशा दिल्या आणि यंत्र घेऊन पुढच्या वॉर्डात गेले. अजून नऊ फोटो बाकी होते.

त्या घाईत एक गोष्ट राहिली. ती मला बुधवारपर्यंत कळली नाही.

बुधवारी सकाळी मी वॉर्डात गेले तर नवरा लिफ्टजवळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या हातात घरी सोडण्याचा कागद होता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्याला अर्धा तास बसवून सांगितलं होतं. ही डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे, पण दिवसाला साठ पेशंट बघते. तिचं म्हणणं असं: छातीत पाणी असतं तर ते काढून आराम देता आला असता. पण पाणी नाममात्र आहे. म्हणजे दम लागतोय तो फुप्फुसातच आजार पसरल्यामुळे, आणि तो इतक्या झपाट्याने पसरत असेल तर पुढचं औषध देऊन हाल करण्यात अर्थ नाही. घरी न्या. ऑक्सिजन लावू, गुंगीचं औषध देऊ. घरी न्यायची गाडी एक वाजता सांगितली होती.

"किती दिवस, ते विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं," तो म्हणाला. "मोजू नका म्हणाल्या."

मी खोलीत गेले. ती पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. समोर जेवणाचं टेबल, त्यावर दोन्ही कोपर, कोपरांवर डोकं. तीन दिवस ती अशीच बसून होती आणि अशीच बसून झोपत होती.

"वन्सं, जरा आडवं व्हा, पाठ दुखेल."

तिने डोकं हलवलं. "झोपलं की... बुडते. बसलं की... वर येते." मग थोडं थांबून, "तुमच्या लोकांना... एवढं... कळत नाही."

मला सोमवार आठवला, आडवं करताच पांढरे झालेले तिचे डोळे.

आता थोडं समजावून सांगायला हवं. फुप्फुसाभोवती दोन पातळ पदर असतात आणि त्यांच्यामध्ये एरवी चमचाभर पाणी असतं. कॅन्सर त्या पदरांत शिरला की पाणी साचायला लागतं, लिटरच्या हिशेबाने, आणि फुप्फुस त्याखाली दबत जातं. ते फोटोत दिसतं, पण कसं दिसतं हे माणूस कसा आहे यावर अवलंबून असतं. पाण्याची अर्धी बाटली उभी धरा, पाण्याची रेघ लांबून दिसते. तीच बाटली आडवी ठेवून वरून बघा, सगळीकडे थोडं थोडं, कुठेच धड नाही. छातीचंही तसंच. उभ्या माणसाचं पाणी तळाशी जातं आणि फोटोत पांढरं ठळक उमटतं. झोपलेल्या माणसाचं पाणी पाठीवर पसरतं आणि फोटोत ती बाजू नुसती धुरकट दिसते. म्हणून प्रत्येक फोटोवर लिहायचं असतं, उभ्याने की आडवं. आमच्या यंत्रावर त्यासाठी एक चौकट आहे. आधीच्या पेशंटची निवड तिच्यात तशीच राहते, नवीन पेशंटला ती आपण बदलायची. शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी हे मीच दटावून सांगते.

सोमवारी माझा आधीचा पेशंट उभा होता.

मी जिना उतरून खाली आले आणि संगणकावर फोटो उघडला. कोपऱ्यात लिहिलं होतं, "छाती, उभ्याने." त्याखाली अहवाल: उजव्या बाजूला अत्यल्प पाणी, काढण्याजोगं नाही. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडत आले, आणि माझी चूक कोपऱ्यात बसून दोन दिवस माझ्याकडे बघत होती.

फोटो वाचणारे आमचे सर अंधाऱ्या खोलीत तीन पडद्यांसमोर बसतात. माणूस सज्जन आहे. पण पेशंट त्यांना कधी दिसत नाही, दिसतात त्या सावल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे हेच, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं होतं आणि ते हसले होते. त्या दिवशी हसले नाहीत.

"सर, सोमवारचा माझ्या नणंदेचा फोटो आडवा काढलेला आहे."

त्यांनी तो पडद्यावर आणला. "इथे उभ्याने लिहिलंय."

"लिहिलंय. चुकीचं लिहिलंय. मी."

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. उजवी बाजू डावीपेक्षा जरा धुरकट होती. उभ्या माणसाच्या फोटोत त्या धुरकटपणाला फारसा अर्थ नाही. आडव्या माणसाच्या फोटोत त्यामागे एक बादली लपलेली असू शकते.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "त्यांना खाली आणा, उभ्याने किंवा बसवून नवीन फोटो काढा. पाणी दिसलं तर मी अहवाल देतो, दोन दिवसांत पाणी वाढलं म्हणून. वरचे लोक सुई घालतील, पाणी काढतील. विषय संपला."

"आणि सोमवारचा फोटो?"

"तो राहू दे तिथेच. बाई, पुढच्या महिन्यात तपासणी पथक येतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच खाजवून खरूज कशाला काढता?"

खोटं सांगत नाही, मला ते पटलं. सत्तावीस वर्षांत माझ्या कागदावर एक लाल रेघ नाही. आणि काय बिघडत होतं? पाणी निघणार, तिला श्वास मिळणार, मी सुटणार. मी "बरं सर" म्हणून दारापर्यंत गेलेसुद्धा.

दारात मला नवऱ्याच्या हातातला कागद आठवला. आजार झपाट्याने पसरतोय, म्हणून पुढचं औषध नको. आता त्यावर सर लिहिणार, दोन दिवसांत पाणी चमच्यावरून लिटरवर गेलं. म्हणजे झपाट्याला सरकारी शिक्काच. पाणी काढतील, थोडा आराम पडेल आणि तरीही तिला घरीच पाठवतील. तिच्या नावावर एक असा आजार लिहिला जाईल जो घोड्यावर बसून आलाय, आणि तो घोडा मी दिलेला असेल.

मी परत फिरले. "नाही सर. वाढलं असं लिहायचं नाही. ते पाणी सोमवारीही तेवढंच होतं. तीन आठवडे हळूहळू साचत आलंय. आजार धावत नाहीये, चालतोय. चालणाऱ्या आजाराला औषध देतात."

"सोमवारी तेवढंच होतं, कशावरून?" त्यांचा आवाज चढला नाही, पण खुर्ची वळली. "तुमच्या म्हणण्यावरून? आज तुम्ही सांगताय फोटो आडवा होता. तुमची नणंद आहे ती. मी त्या डॉक्टर असतो तर विश्वास ठेवला नसता."

"माझ्यावर ठेवू नका. आज दोन फोटो काढते. एक उभ्याने आणि लगेच एक आडवा. आजचा आडवा सोमवारच्या फोटोसारखा आला तर?"

सरांना ते लगेच कळलं, कळणारच. "पण त्यांना झोपवता येत नाही म्हणता ना?"

"नाही येत."

"मग ही त्यांना विचारून करायची गोष्ट आहे. सगळं सांगून."

"विचारते. तुम्ही तेवढी मागणीची चिठ्ठी लिहा."

त्यांनी लिहिली. त्यांच्याबद्दल मी पुढेमागे काहीही बोलले तरी ही चिठ्ठी त्यांनी लिहिली, हे इथे लिहून ठेवते.

वर खोलीत नवरा तिचं सामान पिशवीत भरत होता. मी दोघांसमोर सांगून टाकलं. चौकट, उभ्याने, आडवं, घोडा, सगळं. मला वाटलं होतं ती मला फाडून खाईल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ओरडायला छातीत हवा हवी. तिने नुसतं डोकं उचललं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"म्हणजे... तू... चुकलीस."

"हो."

"स्वतःच्या तोंडाने... म्हण."

"मी चुकले, वन्सं."

तिने डोळे मिटले. "बावीस वर्षं... थांबले... हे ऐकायला."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, आडवं झोपण्याची. मिनिटभर, कदाचित थोडं जास्त. त्याशिवायही पाणी काढतील, आराम पडेल, हेही सांगितलं. पण औषध मिळेल असं मी सांगू शकत नव्हते.

नवऱ्याच्या हातातली पिशवी खाली पडली. माझा नवरा कधी चिडत नाही. त्या दिवशी चिडला. "पुरे आता. तू चूक करायची आणि ताईने भोगायचं? सोमवारी काय झालं ते पाहिलंस ना? शांतपणे जाऊ दे तिला घरी."

"शांतपणे," ती म्हणाली आणि दम घेतला. "मी... शांतपणे... कधी काही... केलंय?" मग टेबल पुढे ढकललं. "खुर्ची आण."

एक्स-रेच्या खोलीत भिंतीला उभी पाटी आहे, तिला दोन्ही बाजूंना धरायला कड्या आहेत. मी चाकांची खुर्ची तिथवर नेली. बसूनही फोटो काढता येतो, मी तिला तसं म्हटलं. तिने माझा हात झटकला, कड्या धरल्या आणि उठून उभी राहिली. पिंढऱ्या थरथरत होत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी पाठमोरा पाहिला.

"हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास आत घ्या. रोखून धरा."

ही चार वाक्यं मी रोज शंभर वेळा म्हणते आणि म्हणताना माझं लक्षही नसतं. त्या दिवशी "रोखून धरा" म्हणताना माझीच लाज वाटली. रोखायला तिच्याकडे होतं काय?

काचेमागच्या पडद्यावर फोटो उमटला. उजवी बाजू खालपासून अर्ध्याच्या वर पांढरीफटक होती, कडेला चढत गेलेली कमान, आणि हृदय डावीकडे ढकललेलं. सर माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी फक्त "हं" केलं.

नवऱ्याला मी बाहेर उभं केलं. त्याला हे बघवलं नसतं, आणि मला त्याचं रडणं बघवलं नसतं.

टेबलावर तिला आधी बसवलं. पाटी टेबलात सरकवली, यंत्र वर आणलं, अंतर लावलं, सगळं आधी तयार केलं, म्हणजे झोपल्यावर एक सेकंद वाया जायला नको. चौकटीत "आडवं" निवडलं. मग पुन्हा एकदा बघितलं. मग सरांना दाखवलं.

"वन्सं, तुम्ही सांगाल तेव्हा."

"घे," ती म्हणाली.

मी एक हात मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून तिला खाली निजवलं. पाठ टेकल्याबरोबर तिचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताठ झाल्या. तिने माझं मनगट पकडलं. मला काचेमागे जायचं होतं, ती सोडेना. मग तिनेच बघितलं की मी का थांबले आहे, आणि एकेक बोट उघडून माझं मनगट सोडलं.

काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता आणि पाय दिसत होते. उजवा पाय टेबलावर घट्ट दाबलेला, चवडा ताणलेला. ब्रेकवर असतो तसा. मला आयुष्यात त्या पायाची जेवढी चीड आली तेवढी कशाचीच आली नाही, आणि त्या क्षणी मी देवाजवळ तेवढंच मागत होते, की तो तसाच दाबलेला राहू दे. मी श्वास घ्या, रोखा, काही म्हटलं नाही. बटण दाबलं आणि धावले.

उठवून बसवल्यावर ती पाच मिनिटं माझ्या खांद्यावर डोकं टाकून हवा ओढत होती. बावीस वर्षांत आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. तिच्या ओठांवरचा निळेपणा जायला वेळ लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि रडले, आणि ते तिला कळलं असणार, कारण ती म्हणाली, "नाक... पूस."

सरांनी तीन फोटो एका ओळीत लावले. सोमवारचा. आजचा आडवा. आजचा उभा. पहिले दोन जुळ्या भावंडांसारखे, तोच धुरकटपणा, तेवढाच. तिसऱ्यात पाणी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सर खुर्चीत बसले आणि सोमवारच्या अहवालाखाली दुरुस्ती लिहू लागले. फोटो आडव्या स्थितीतला. पाणी तेव्हाही मोठ्या प्रमाणात असावं. दोन दिवसांत लक्षणीय वाढ नाही.

मी चुकांची वही काढली. त्यात तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहायचं असतं. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "तांत्रिक त्रुटी लिहा ना. तेवढं पुरतं."

"तंत्राने नाही केली, सर. मी केली," म्हटलं आणि तसंच लिहिलं.

एवढ्यात कॅन्सरच्या डॉक्टर आल्या. एक वाजताची गाडी दारात उभी आणि पेशंट गायब, म्हणून शोधत आल्या होत्या. "माझ्या पेशंटचे फोटो मला न विचारता कोणी काढले?"

"मी काढले," मी म्हटलं. "आणि सोमवारी चुकीचा लिहून दिला तोही मीच. तुमचा कागद माझ्या चुकीवर उभा आहे. तो फाडायचा की नाही ते हे तीन फोटो बघून ठरवा. मला काय करायचं ते नंतर ठरवा."

त्या बोलायला लागल्या होत्या, पण पडद्याकडे बघून थांबल्या. तिन्ही फोटो दोनदा बघितले. मग खुर्चीतल्या नणंदेपाशी गेल्या, पाठीवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवून बघितलं. डावीकडे पोकळ आवाज, उजवीकडे भरलेल्या पिंपासारखा ठस्स. "हे मी सोमवारी करायला हवं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत, पण मी ऐकलं आणि त्या मला आवडायला लागल्या.

पाणी काढताना तिला बसवूनच ठेवलं, टेबलावर पुढे वाकवून. सरांनी स्वतः सोनोग्राफीचं यंत्र तिच्या पाठीवर फिरवलं. पडद्यावर काळं पाणी आणि त्यात तरंगणारं फुप्फुसाचं टोक दिसलं, माशाच्या शेपटीसारखं हलत होतं. जागा सापडल्यावर त्यांनी पेनाने फुली मारली आणि बजावलं, "आता हलायचं नाही. माणूस हलला की पाणी हलतं, मग फुलीला काही अर्थ नाही." ती हलली नाही. सुई त्याच जागी, त्याच बसण्यात गेली. बाटलीत लालसर, पातळ चहाच्या रंगाचं पाणी पडायला लागलं. मी बाटलीवरच्या रेघा बघत होते. पाचशे, आठशे, बाराशे. चौदाशेवर डॉक्टरांनी थांबवलं. एका वेळी याहून जास्त काढणं बरं नव्हे. दबलेलं फुप्फुस उघडायला लागलं तशी तिला खोकल्याची मोठी उबळ आली. मग ती थांबली. तिने श्वास घेतला. आम्ही सगळे ऐकत होतो. तो आत जात राहिला, आणखी आत, आणि मग सावकाश बाहेर आला.

तिने मान वळवून मला बघितलं. तीन आठवड्यांनंतरचं तिचं पहिलं सलग वाक्य असं होतं: "एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक चौकट बदलता येत नाही तुला, आणि म्हणे मी तुला गाडी नीट शिकवली नाही."

दाराशी उभा असलेला माझा नवरा हसता हसता खाली बसला.

पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. त्या निघणारच होत्या, निघणार नाहीत असं कुणी म्हटलं नव्हतं. आठवड्याने डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की आजार जाणार नाही. पण वेग फार नाही, तेव्हा पुढचं औषध सुरू करू. पाणी पुन्हा भरेल, म्हणून छातीत एक बारीक नळी बसवू, घरच्या घरी बाटली लावून काढता येईल. "पूर्ण बरं होणं मात्र..."

"मी बरी होईन का, हे मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "गाडीत कधी बसू, ते विचारते आहे."

मला ताकीदपत्र मिळालं. तपासणी पथकाने वहीतली माझी नोंद मोठ्याने वाचली आणि मी मान खाली घातली नाही. आता आमच्या यंत्रावरची चौकट प्रत्येक पेशंटला रिकामी उघडते. भरल्याशिवाय यंत्र फोटोच घेत नाही. त्यासाठी मी सहा पत्रं लिहिली. सातवं लिहून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

पाच आठवड्यांनी एका रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. थांबेचना. मी खिडकीतून डोकावले. तिची गाडी होती, जादा ब्रेकची. चालवणाऱ्याची जागा रिकामी, आणि शेजारी ती, पाठीशी उशी घेऊन.

"उतर खाली," तिने ओरडून सांगितलं. अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं.

"वन्सं, नळी आहे छातीत."

"सकाळी माझ्या भावाने अर्धी बाटली काढली, गाडीही इथवर त्यानेच आणली. आता रिकामी आहे मी. चल."

गेले. दुसरं काय करणार. बावीस वर्षांनी मी त्या जागेवर बसले. गल्ली पार केली, मोठा रस्ता पार केला. तिचा पट्टा चालू होता. आरसा बघ. आरशात स्वतःला नको बघूस, मागे बघ. गिअरशी भांडण आहे का तुझं. मधेच दम घ्यायला थांबायची आणि जिथे सोडलं तिथून पुन्हा धरायची. मग तोच चौक आला. ती मला मुद्दाम तिथे घेऊन आली होती. उजवीकडून बस येत होती, मी घाबरले, गाडी गचका खाऊन बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले, बावीस वर्षांपूर्वीचेच असावेत इतके ओळखीचे.

मी सवयीने तिच्या पायाकडे पाहिलं. ब्रेकवर पाय नव्हता. दोन्ही पाय सीटवर वर घेऊन तिने चक्क मांडी घातली होती.

"खाली काय बघतेस?" ती ओरडली. छाती भरून ओरडली, बसमधल्या लोकांनी वळून बघितलं. "तिथे कुणी नाहीये. चालव."

मी किल्ली फिरवली.